चुकांची वही

दुसऱ्याच्या चुका काढणं हा काही गावांत दुर्गुण समजतात. आमच्या पुण्यात ते शिक्षण समजतात. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं, तर पुणेकर आधी दुकानदाराला तेवढं सांगतो आणि मग वेळ उरला तर माल घेतो. पत्रिकेतल्या शुद्धलेखनावरून मुलाकडची माणसं कशी असतील याचा अंदाज बांधणारे लोक मी पाहिले आहेत. आणि तो अंदाज खरा ठरलेलाही पाहिला आहे. अशा या शहरात, त्यातून सदाशिव पेठेत, माझी मावशी चुका काढण्याबद्दल प्रसिद्ध आहे. म्हणजे बघा!

मावशी मुलींच्या एका शाळेत तेहतीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवत होती. १९९६ साली ती निवृत्त झाली, पण तिचं लाल पेन निवृत्त झालं नाही. पहिली दोन-तीन वर्षं तिनं वर्तमानपत्र, लग्नपत्रिका आणि वाण्याची यादी यांवर भागवलं. मग दूरदर्शनवर आणि पाठोपाठ इतर वाहिन्यांवर रोजच्या मालिका सुरू झाल्या आणि मावशीला उरलेल्या आयुष्याचं काम मिळालं. तिनं दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर रकाने आखले. तारीख, मालिका, चूक आणि शेरा.

या वह्या आता नऊ झाल्या आहेत. त्यातल्या काही नोंदी मला पाठ आहेत.

"सूनबाई स्वयंपाकघरातून निघाल्या तेव्हा मंगळसूत्र पदरावर. दिवाणखान्यात आल्या तेव्हा पदराखाली. मधे दोन पावलांचे अंतर. शेरा : निष्काळजीपणा."

"सासऱ्यांच्या कपाळावरची पट्टी सोमवारी डावीकडे, मंगळवारी उजवीकडे. जखम चालते काय?"

"आज अमावास्या असे गुरुजी म्हणाले. रात्री खिडकीत पूर्ण चंद्र. शेरा : भूगोल कच्चा."

"सहा माणसांना चहा दिला. कप रिकामे. रिकाम्या कपावर फुंकर मारली. शेरा : पालकांना भेटावयास पाठवावे."

हा शेवटचा शेरा निर्मात्यासाठी होता. नुसता शेरा लिहून मावशी थांबत नसे. दर शनिवारी आठवड्याच्या चुका एका पोस्टकार्डावर उतरवून ती वाहिनीच्या पत्त्यावर धाडून देत असे. पन्नास पैशांत एवढं समाधान हल्ली कुठं मिळतं?

मावशीचा आणि टीव्हीचा संबंध तसा फार जुना. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७३ साली सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्यातल्या घराघरांतून चित्रं हलू लागली. तानाजीनंतर सिंहगडाकडं इतक्या आशेनं कुणी पाहिलं नसेल. पेठांमधल्या प्रत्येक छपरावरचा अँटेना नैर्ऋत्येला तोंड करून, नमस्कार केल्यासारखा उभा. आमच्या काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, १९७६ साली कचेरीच्या सोसायटीचं कर्ज काढून लाकडी दारांचा टीव्ही घेतला. काका कॅम्पातल्या लष्करी हिशेबाच्या कचेरीत होते. कर्ज काढून करमणूक करणं हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं साहस.

तो टीव्ही पाहण्यापेक्षा तो दिसायला लागेपर्यंतचा कार्यक्रम जास्त रंगत असे. जरा वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग काका गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" खिडकीतून मावशी ओरडायची, "नाही!"

"आता?"

"आलं... आलं... गेलं!"

अख्ख्या पेठेत संध्याकाळी हाच एक संवाद चाले. इतका, की शेजारच्या वाड्यातून कुणी "आलं!" म्हणालं की आमचे काका हात थांबवायचे आणि तिकडचे "गेलं!" म्हणाले की आमची मावशी रागवायची.

काकांचं स्वतःचं टीव्ही पाहणं मात्र अधिकृत नव्हतं. टीव्ही बायकामुलांसाठी असतो, अशी त्यांची भूमिका. ते समोरच्या वेताच्या खुर्चीत 'सकाळ' उघडून बसायचे. सकाळी एकदा वाचून झालेला 'सकाळ' संध्याकाळी इतका तल्लीन होऊन वाचणारा दुसरा वाचक त्या वर्तमानपत्राला मिळाला नसेल. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होऊन आले, तेव्हा तो पेपर पहिल्यांदा चार बोटं खाली आला. चिं. वि. जोशींची पात्रं ही घरचीच माणसं, तेव्हा ते क्षम्य. १९८४ साली 'हम लोग' सुरू झालं, तेव्हा अशोककुमार शेवटी येऊन काय म्हणतात, एवढंच ऐकायला तो आणखी चार बोटं खाली आला. पुढं रोजच्या मालिकांचा काळ येईपर्यंत पेपर मांडीवरच आला होता. फक्त कुणी घरात शिरलं, की तो झटकन वर जाई. कधी कधी उलटा.

आणि मालिका संपली की काका सहज विचारल्यासारखं विचारीत, "मग त्या मुलीचं काय झालं?"

"तुम्ही पेपर वाचत होता ना?"

"हो, पण कानावर पडतं."

मग मावशी त्यांना त्यांनीच पाहिलेला भाग पहिल्यापासून सांगायची, चुकांसह. तो संसार असा चालला होता.

खरं सांगायचं तर जुन्या साप्ताहिक मालिकांत चुका कमी होत्या असं नाही. पण दोन भागांच्या मधे सात दिवस असत. सात दिवसांपूर्वी पट्टी कुठल्या बाजूला होती, हे पोलीससुद्धा विसरतात. सह्याद्रीवर प्रतीक्षा लोणकरांची 'दामिनी' रोज यायला लागली, १९९९ साली 'आभाळमाया' आली, आणि कालचं आज आठवायला लागलं. या प्रकाराला सगळं जग 'सोप' म्हणतं, कारण अमेरिकेत १९३०च्या सुमाराला रेडिओवर असल्या मालिका साबणवाल्या कंपन्यांच्या पैशावर चालत. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "साबणाचेच पैसे ना? मग जरा स्वच्छ काम करायला काय झालं होतं?"

'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली, ती २०१३ उजाडल्यावर संपली. भाग तीन हजारांच्या वर. "चार दिवस म्हणाले होते," एवढाच शेरा मावशीनं लिहिला. 'होणार सून मी ह्या घरची' मधल्या जान्हवीला दिवस गेले आणि ते जातच राहिले. सगळा महाराष्ट्र त्यावर विनोद करत होता. मावशीनं विनोद केला नाही. तिनं कालनिर्णयावर खुणा केल्या. एक दिवस म्हणाली, "अरे, भूगोलाच्या पुस्तकात प्राण्यांचा धडा होता. हत्तिणीचे बावीस महिने असतात. अजून आशा आहे."

'माझ्या नवऱ्याची बायको' मधल्या शनायाचं तर मी स्वतः पाहिलं. आधी रसिका सुनील शनाया होती. २०१८ साली ती जाऊन त्या जागी ईशा केसकर आली. २०२० मध्ये परत रसिका सुनील आली. घरातलं एक माणूस दोनदा चेहरा बदलून आलं आणि कुणी पाणी देतानासुद्धा दचकलं नाही. मावशीचं म्हणणं असं, की "त्या राधिकेनं नवऱ्याचं लफडं शोधून काढलं आणि समोरच्या बाईचं तोंड बदललेलं तिला दिसलं नाही?"

मी एकदा तिची समजूत घालायला गेलो. म्हटलं, हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला मिहिर मेला, लोकांनी आकांत मांडला, तेव्हा तो जिवंत झाला, आणि पुढं दोनदा नवा नट होऊन आला. अमेरिकेत 'डॅलस' मालिकेत बॉबी यूइंगला १९८५ साली मारलं. वर्षभर मालिका त्याच्याशिवाय चालली, आणि १९८६ मध्ये तो न्हाणीघरात अंघोळ करताना सापडला. मधलं अख्खं वर्ष म्हणे त्याच्या बायकोला पडलेलं स्वप्न होतं.

मावशी हबकली. "म्हणजे परीक्षा झाल्यावर सबंध वर्षाचा अभ्यास रद्द?"

"तसंच."

"आणि पालक गप्प बसले?"

पण मला सांगायची आहे ती गोष्ट २०१६ सालची. काका २०१४ मध्ये गेले. शेवटपर्यंत हिंडतेफिरते होते. एका रात्री मालिका पाहून, म्हणजे पेपर वाचून झोपले, ते उठलेच नाहीत. मावशीनं महिनाभर टीव्ही लावला नाही. मग एक दिवस लावला, वही काढली, वेताची खुर्ची आधी होती तिथंच ठेवली. चुका पूर्वीसारख्याच सापडत होत्या, पण सांगायच्या कुणाला? मी कोथरूडहून आठवड्यातून दोनदा जायचो आणि ऐकायचो. पण मला मुळात मालिकाच माहीत नसायची, त्यामुळं चूक समजण्यासाठी आधी बरोबर काय ते समजून घ्यावं लागे. मावशी पंधरा मिनिटं नाती समजावून देई आणि मग दमून म्हणे, "जाऊ दे. ह्यांना लगेच कळायचं."

अशात हिच्या भाच्याचा एक मित्र आला. एका मराठी मालिकेत सहायक दिग्दर्शक होता. मालिकेचं नाव सांगत नाही, पुढं काय झालं ते वाचल्यावर कारण कळेल. मालिकेतला नायक रुसून पुण्याला आजोळी येतो, असं कथानक. त्यासाठी दोन दिवसांपुरता एक वाडा हवा होता. पुण्याला शूटिंगचं नवल नाही. 'प्रभात' कोल्हापूरहून इथं १९३३ साली आली आणि तिच्याच जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. नवल राहिलं होतं ते वाड्याचं. आता शोधावे लागतात. मावशीचा होता.

"तुमचं तिथं काम काय?" मावशीनं त्याला विचारलं.

"मी कंटिन्युइटी बघतो, मावशी."

"म्हणजे?"

"म्हणजे एका शॉटमधे जे जसं असतं, ते पुढच्या शॉटमधे तसंच आहे की नाही, ते."

मावशीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. "अस्सं! म्हणजे तो तू!"

चोवीस-पंचवीस वर्षांचा, काड्यासारखा मुलगा. तो घाबरला. त्याला घाबरायला कारणही होतं. दर आठवड्याला लाल शाईचं पोस्टकार्ड येई, ते त्याच्याच टेबलावर येऊन पडे. त्यानं अक्षर ओळखलं. कोनाड्यात वह्यांची चवड होती, तीही त्यानं पाहिली. मग पोह्यांची बशी हातात धरून, पायरीवर बसून त्यानं आपली बाजू मांडली.

तो म्हणाला, "मावशी, तुम्ही लिहिता, स्वयंपाकघर ते दिवाणखाना दोन पावलं. पण आम्ही गोष्ट ओळीनं नाही करत. स्वयंपाकघरात लाईट लावले की चार भागांतले स्वयंपाकघरातले सगळे सीन एकदम उरकायचे. दिवाणखाना नंतर. ती बाई सोमवारी दारातून बाहेर पडते, ती शुक्रवारी दिवाणखान्यात पोचते. त्या दोन पावलांत चार दिवस असतात. मधे ती दुसऱ्या एका नाटकाचे दोन प्रयोग करून आलेली असते, तिला ताप येऊन गेलेला असतो. मंगळसूत्राचं तिलाही आठवत नाही."

"मग लिहून ठेवायचं."

"लिहितो की! फोटोही काढतो मोबाइलवर, प्रत्येकाचे, प्रत्येक सीननंतर. पण रोज बावीस मिनिटांचा भाग द्यायचा असतो. सिनेमावाले दिवसाला दोन-तीन मिनिटं करतात. कधी कधी सकाळी नऊला उभं राहतो आणि पानं नवाला येतात. त्यात अमावास्या लिहिलीय हे लाईटवाल्याला कुणी सांगितलेलंच नसतं."

"आणि चहा?"

"गरम चहा सहा वेळा द्यायचा, सहा वेळा तेवढाच प्यायचा, तर सातव्या टेकला कुणी तोंड उघडत नाही. म्हणून रिकामे."

मग त्यानं मावशीला त्या सबंध जगाची आतली बाजू दाखवली. सेटवरच्या घराला चौथी भिंत नसते, तिथं कॅमेरे उभे असतात. जिना वर जातो, पण वर काही नसतं, नट वर जाऊन अंधारात फळीवर उभा राहतो आणि हाक मारली की उतरतो. बंगल्याचं बाहेरचं दर्शन एका गावचं, आतलं घर दुसऱ्या गावच्या गोदामात. आवाज होतो म्हणून पंखे बंद, फ्रीज बंद. भर वैशाखात शालू नेसून सून हसत उभी असते ती त्या उकाड्यात. आणि भिंतीवरच्या घड्याळात सेल घालत नाहीत. घातला तर एका मिनिटाच्या संवादात सव्वादोन तास गेलेले दिसतात.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बारा-बारा तास उभं राहतोस, जेवतोस कधी?" आणि आणखी पोहे आणायला आत गेली. बाहेर आल्यावर तिनं परवानगी दिली. भाडं सांगितलं नाही, अटी सांगितल्या. एक, कोठीच्या खोलीत चपला घालून जायचं नाही. दोन, ज्या दिवशी जे जिथून हलवाल, ते त्या दिवशी संध्याकाळी तिथंच ठेवायचं.

ही दुसरी अट लक्षात ठेवा.

शूटिंगच्या दिवशी पहाटे साठ माणसं उतरली. गल्लीत जनरेटरची गाडी शिरली, ती पुढं जाईना आणि मागं येईना. त्यामुळं पेठेतले पंचवीसएक अनुभवी सल्लागार आपोआप जमा झाले. मावशी निळ्या काठांची पांढरी साडी नेसून, शाळेच्या तपासणीला निघाल्यासारखी दारात उभी होती. सकाळभर काही केल्या काम होईना. आवाज टिपणारा गृहस्थ कानाला यंत्र लावून हताश बसला होता. एक टेक शेजारच्या कुकरनं खाल्ला, दुसरा भंगारवाल्यानं, तिसरा दत्ताच्या आरतीनं. पण दुपारचा एक वाजला आणि चमत्कार झाला. कुकर थांबले, दारं लागली, आख्खी गल्ली निजली. पुण्याच्या वामकुक्षीला बाहेरचे लोक हसतात. त्या ध्वनिमुद्रकानं मात्र हात जोडले. त्याच्या मते दुपारी एक ते चार सदाशिव पेठेइतका शांत स्टुडिओ मुंबईत पैसे मोजूनही मिळत नाही.

त्या दुपारी झोपाळ्यावरचा मुख्य सीन सुरू झाला. नायक झोपाळ्यावर बसून आजीला मन मोकळं करून सांगतो, असा. झोपाळ्यामागच्या भिंतीवर काकांची तसबीर असते. काळी टोपी, चष्मा, कोट, आणि फोटोग्राफरनं हसायला सांगितल्यामुळं आलेला करारी चेहरा. सजावटीच्या माणसानं ती अदबीनं उतरवली आणि तिथं नायकाच्या पणजोबांची म्हणून एक फेटेवाली तसबीर, चंदनाचा हार घालून लावली. मावशीनं काकांची तसबीर स्वतः हातात घेतली, आमसुली साडीच्या पदरानं पुसली आणि कोठीच्या खोलीत फडताळात ठेवली. "उपडी नको ठेवू हं," मी हात लावायला गेलो तशी म्हणाली.

सीन अर्धा राहिला. संध्याकाळी अटीप्रमाणं सजावटीच्या मुलानं फेटेवाला उतरवून काकांना परत खिळ्यावर लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नायकाला मुंबईला जायची घाई. राहिलेला क्लोजअप घाईघाईनं उरकला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, तसबिरी बदलल्या, उरलेले शॉट झाले. पण तो क्लोजअप घ्यायचा परत राहून गेला. कंटिन्युइटीचा मुलगा त्या वेळी जनरेटरची गाडी गल्लीतून काढणाऱ्यांत होता.

पंधरा दिवसांनी तो भाग लागला. मावशीच्या घरी आम्ही दोघं, ही, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड, असे सगळे जमलो. वेताच्या खुर्चीत कुणी बसलं नाही. झोपाळ्याचा सीन आला. भिंतीवर फेटेवाले पणजोबा. नायक म्हणाला, "आजी, मी चुकलो." आणि त्या एका वाक्यात पणजोबांनी फेटा उतरवून काळी टोपी घातली, चष्मा लावला, कोट चढवला आणि नातवाच्या खांद्यावरून सरळ आमच्याकडं पाहिलं. गंभीर पार्श्वसंगीत वाजत होतं, आठ-दहा सेकंद काका पडद्यावर होते. मग आजी "बाळा!" म्हणाली, तेवढ्यात त्यांनी परत फेटा बांधला.

मी हसायलाच लागणार होतो. नऊ वह्यांत अशी चूक नव्हती! चेहरामोहराच काय, अख्खा पूर्वज बदलला होता. मी मावशीकडं पाहिलं. वही मांडीवर उघडी होती, पेनाचं टोपण काढलेलं होतं. मावशी लिहीत नव्हती.

भाग संपला. लोक गेले. मावशी नेहमी साडेनऊला निजते. त्या रात्री तिनं साडेअकराचं पुनःप्रक्षेपण पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठचं पाहिलं. दुपारी दीडचं पाहिलं, तेही वामकुक्षी सोडून. शनिवार आला, पोस्टकार्ड गेलं नाही. बुधवारी मला त्या मुलाचा फोन. आवाज पार गेलेला. "काका, मावशींचं पत्र अजून आलं नाही. बरं नाही का त्यांना? का थेट वरच्यांना लिहिलंय? माझी नोकरी जाईल हो."

मी मावशीला विचारलं, "अगं, एवढी मोठी चूक, आणि तू लिहिली नाहीस?"

"कुठली चूक?"

"भिंतीवर काका होते!"

"मग? घर त्यांचंच आहे," मावशी म्हणाली. "भिंतीवर ते असायचेच. तो फेटेवाला कोण कुठला, ती चूक."

त्या मुलाला मी तसं कळवलं. वाहिनीकडंही दुसऱ्या कुणाचं पत्र गेलं नसावं, कारण त्याची नोकरी राहिली. पुढं दिवाळीला तो मावशीला भेटायला आला. तिनं त्याला एक दोनशे पानी वही, रकाने आखून दिली.

ही गोष्ट इथं संपायची. पण मार्च २०२० मध्ये करोना आला. १९ मार्चपासून मालिकांची शूटिंगं बंद पडली. हातातले भाग संपले आणि वाहिन्यांनी जुने भाग परत लावायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये पुण्याच्या पेठा पत्रे ठोकून बंद झाल्या. मी कोथरूडला, मावशी तिकडं एकटी, ब्याऐंशी वर्षांची. दूध वरचं बिऱ्हाड दारात ठेवी. मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचो. रोज ती ठणठणीत असे. आणि एका दुपारी तिचाच फोन आला.

"अरे, आज साडेसातला हे येणारेत."

माझ्या पोटात गोळा आला. महिनाभर एकटी, कुणाशी बोलणं नाही. मी हिला खूण केली. शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "कोण, मावशी?"

"कोण म्हणजे? तुझे काका! झोपाळ्याचा भाग आहे आज. जाहिरात दाखवली. तुझ्या टीव्हीवर लाव."

आमच्याकडं नेमकी वीज गेली होती. मी साडेसातला तिला फोन लावला आणि तिनं तो उचलून टीव्हीशेजारी धरला. अंधारात बसून मी त्या मालिकेचे संवाद ऐकत होतो. झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर ऐकू आली. नायक म्हणाला, "आजी, मी चुकलो." संगीत सुरू झालं. आणि त्या संगीतावरून मावशीचा आवाज आला, खिडकीतून गच्चीवर ओरडायची तसा नाही, अगदी हळू.

"आलं... आलं..."

मग बराच वेळ काही नाही. मग, "गेलं."

मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "वीज आली का रे तुमची? जेवून घ्या."

मावशी आता सत्त्याऐंशीची आहे. दृष्टी मंदावली आहे, पण चुका ऐकू येतात म्हणते. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तिला वाचायला दिला. तिनं आतशी भिंग लावून दोन दिवस वाचला आणि लाल पेनानं तपासून परत दिला. तिचे शेरे खाली देतो. लेखात दुरुस्ती केलेली नाही, कारण चूक झाकणं हे तिला चुकीपेक्षा वाईट वाटतं.

"गच्ची चूक. वाड्याला गच्ची नाही. अँटेना कौलांवर होता. ह्यांनी तीन कौले फोडली व भरून दिली."

"शूटिंगच्या दिवशी सकाळी निळ्या काठांची साडी, दुपारी आमसुली. मधे मी कधी बदलली? शेरा : निष्काळजीपणा."

"२०१६ साली वह्या नऊ नव्हत्या. सात होत्या. नऊ आता."

"फोटो आठ-दहा सेकंद नव्हता. चौदा. पाचही वेळा मोजले आहेत."